हार्डीसाहेबांचे मुरडलेले नाक

केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' नावाचे छोटे पुस्तक लिहिले. खरे गणित कोणते आणि रिकामपणची करमणूक कोणती, याची त्यात त्यांनी वाटणी करून टाकली. करमणुकीच्या बाजूला त्यांनी दोन नमुने ठेवले. पहिला असा, की चार अंकी संख्यांमध्ये स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत असणाऱ्या संख्या दोनच, ८७१२ आणि ९८०१. दुसरा असा, की १ सोडला तर आपल्याच अंकांच्या घनांची बेरीज असणाऱ्या संख्या चारच: १५३, ३७०, ३७१ आणि ४०७. कोड्यांच्या सदराला हे ठीक, पण गणित्याने जीव लावावा असे यात काही नाही, कारण यातून कोणताही व्यापक सिद्धान्त निघत नाही, असा त्यांचा निवाडा.

हा निवाडा ऐंशी वर्षांहून म्हातारा झाला तरी अजून धडधाकट फिरतो आहे. यवतमाळ, पुसद, वणी, कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये अंकांच्या अशाच गमतींत रमलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे नाव काढून पाहा. "हां, ते ६१७४ वाले," असे म्हणून जरा हसतात आणि लगेच पुढचे वाक्य येते: गंमत म्हणून छान आहे, पण ते काही गणित नव्हे. ज्यांनी हार्डी उघडूनही पाहिलेला नाही, तेही बोलतात हार्डीचेच. हार्डीसाहेब फार मोठे गणिती होते, त्यांची इंग्रजी सुंदर होती आणि या एका बाबतीत ते चुकले. अर्धे का होईना, पण चुकले.

आधी त्यांची बाजू पुरती मांडतो. कमकुवत करून पाडण्यात पुरुषार्थ नाही. त्यासाठी एक आकडा घेऊ, मुद्दाम निवडलेला नव्हे, आपल्या गळ्यात आपोआप पडलेला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८. या संख्येविषयी काय सांगता येईल? तिचे मूळ अवयव २ × २ × ३ × १०३ × २२४३. तिला नेमके २४ विभाजक आहेत. ३, १०३ आणि २२४३ या तिन्हींना ४ ने भागले तर बाकी ३ उरते आणि तिन्ही एकेकदाच आले आहेत. म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येणार नाही. हे गुण संख्येचे स्वतःचे. तुम्ही ती दशमानात लिहा, रोमन आकड्यांत लिहा, नाहीतर बाभूळगावच्या बाजारात तेवढे दाणे मोजून ढीग घाला, गुण तेच राहणार.

आता दुसऱ्या जातीचे गुण. या संख्येच्या अंकांची बेरीज ३३. तिने संख्येला भागले तर १८ उरतात, म्हणजे कापरेकरांच्या भाषेत ही 'हर्षद' संख्या नाही. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद. पण हीच संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत लिहिली तर २२ अंकी होते, त्यात १ हा अंक बरोबर बारा वेळा येतो, आणि १२ ने मात्र तिला पूर्ण भाग जातो, भागाकार २,३१,०२९. दशमानात दुःखी, द्विमानात हर्षद! समोरचा म्हणतो, पाहिलेत? हा गुण संख्येचा नाहीच. अंक हे संख्येचे कपडे आहेत, माणसाला दहा बोटे आहेत एवढ्या योगायोगावर शिवलेले. कपड्यांच्या घड्या मोजणाऱ्याने आपण शरीरशास्त्र शिकतो असे म्हणू नये.

युक्तिवाद चांगला आहे. आता तो कुठे फाटतो ते पाहू, आणि सुरुवात हार्डीसाहेबांच्याच दोन नमुन्यांपासून करू.

घनांचा नमुना मी त्यांना देऊन टाकतो. अंकांची संख्या जेवढी, तेवढ्या घाताची बेरीज घ्यायची असे व्यापक केले, तरी साठाहून जास्त अंकांची अशी संख्या असूच शकत नाही. ६१ अंक घेतले तर सगळे नऊ धरूनही ती बेरीज ६१ अंकांपर्यंत पोचत नाही. एवढे कळले की उरते ती नुसती झडती. १९८५ साली ती पुरी झाली. अशा संख्या एकूण ८८, त्यातली सर्वांत मोठी ३९ अंकी, ११५१३२२१९०१८७६३९९२५६५०९५५९७९७३९७१५२२४०१. भव्य दिसते खरी, पण दिसण्यापलीकडे तिच्यात फारसे काही नाही. इथे हार्डीसाहेब बरोबर.

पण उलट्या संख्यांचे काय? ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट, ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट. मध्ये ९ घुसवत गेले तर १०९८९, १०९९८९, सगळ्या नवाने गुणल्यावर उलटतात. १०८९१०८९ सुद्धा उलटते. नऊपटीने उलटणाऱ्या अशा संख्या किती हे मोजत गेले, तर चार ते सात अंकी प्रत्येकी एक, आठ आणि नऊ अंकी प्रत्येकी दोन, दहा अंकी तीन, बारा अंकी पाच. १, २, ३, ५: फिबोनाचीची माळ! ॲलन सटक्लिफ यांनी १९६६ मध्ये हा प्रश्न कोणत्याही पायाच्या संख्यापद्धतीसाठी मांडला. पुढे नील स्लोन यांनी २१७८ हा आकडा शीर्षकात घालून त्यावर अख्खा शोधनिबंध लिहिला आणि २ पासून १०० पर्यंतच्या प्रत्येक पायासाठी कोणती पट शक्य आहे ते ठरवले. त्यासाठी जे आलेख वापरावे लागतात त्यांची रचना अजून पुरती उलगडलेली नाही. ज्यातून काहीच व्यापक निघणार नाही अशी खात्री हार्डीसाहेबांनी दिली होती, तिथे ही एवढी शेती निघाली. त्यांनी बांधावरूनच नापीक म्हणून शेरा मारला होता.

आता कापरेकर. डहाणूला १९०५ साली जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, १९२७ चे रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ मध्ये बी.एस्सी., आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर. पुढची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. पुस्तिका पदरमोड करून छापायच्या. हिणवणाऱ्यांचा खरा राग या बायोडाटावर असावा, असा मला दाट संशय आहे. असो.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्या घ्या. ४५ चा वर्ग २०२५. तो मधोमध तोडला तर २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९, बेरीज २९७. इथपर्यंत वर्गात पोरे टाळ्या वाजवतात आणि साहेब नाक मुरडतात. दोघेही घाईत असतात. थांबून विचारायचे, असे का होते?

४५ च्या वर्गातून ४५ वजा करा: १९८०. हे ९९ गुणिले २०. तो २० म्हणजे वर्गाचा डावा तुकडाच. २९७ च्या वर्गातून २९७ वजा केले तर ८७,९१२, म्हणजे ९९९ गुणिले ८८. पुन्हा डावा तुकडा. हा योगायोग नाही: डाव्या तुकड्याला १०० (किंवा १०००) ने गुणून उजवा मिळवला की वर्ग होतो, नुसते दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या होते, वजाबाकीत डाव्या तुकड्याची ९९ (किंवा ९९९) पट तेवढी उरते. म्हणजे अट एवढीच, की ती संख्या आणि तिच्या मागची संख्या यांच्या गुणाकाराला ९९, ९९९, ९९९९ अशा नुसत्या नवांच्या संख्येने भाग जावा. लागोपाठच्या दोन संख्यांत सामाईक अवयव नसतो. तेव्हा ९९ चे ९ आणि ११ हे भाग दोघांत वाटून द्यावे लागतात. ४५ ने ९ घेतला, ४४ ने ११. उलट वाटणी केली की ५५ मिळते, ३०२५, ३० अधिक २५.

९९९९ चे भाग तीन: ९, ११ आणि १०१. वाटण्या आठ होतात. त्यातली एक १ या संख्येवर जाते, ती सोडली की सात उरतात. म्हणून या मापाच्या कापरेकर संख्या बरोबर सात आहेत, सहा नाहीत की आठ नाहीत: २२२३, २७२८, ४९५०, ५०५०, ७२७२, ७७७७, ९९९९. नवांच्या संख्येचे परस्परांशी सामाईक काही न ठेवणारे दोन भाग किती प्रकारांनी पडतात, तेवढ्याच कापरेकर संख्या, हा मेळ डग्लस इयानुच्ची यांनी २००० साली सिद्ध करून छापला. आता मोठ्या आकड्यांकडे चला. अठरा नऊ ओळीने मांडले तर त्या संख्येला आठ वेगवेगळे मूळ अवयव आहेत, म्हणून त्या मापाच्या कापरेकर संख्या २५५. आणखी एकच नऊ पुढे लिहा. एकोणीस एक ओळीने मांडून होणारी संख्या मूळ आहे. त्यामुळे एकोणीस नवांचे ९ आणि ती एवढेच भाग पडतात, आणि २५५ वरून आपण एकदम ३ वर कोसळतो. पोरांना टाळ्या वाजवायला लावणारी गंमत आणि प्रचंड संख्यांचे अवयव पाडण्याचा अंकगणितातला सनातन कठीण प्रश्न, हे दोन्ही एकच निघाले. हे जर कपड्यांच्या घड्या मोजणे असेल, तर घडीखाली कणा लागला आहे.

जाता जाता. ७७७७ चा वर्ग ६,०४,८१,७२९. तुकडे ६०४८ आणि १७२९. लंडनमधल्या पटनीला आजारी रामानुजनना भेटायला जाताना हार्डीसाहेब ज्या टॅक्सीतून गेले आणि जिचा क्रमांक त्यांना अगदी रटाळ वाटला, तो हाच १७२९. आकडा रटाळ ठरवण्याची घाई साहेबांना आधीपासूनच होती! (२२२३ च्या वर्गाचे शेपूटही १७२९ आहे. ७७७७ आणि २२२३ मिळून दहा हजार होतात, मग शेवटचे चार अंक सारखे येणारच.)

तरी दहा हा पाया योगायोगाचाच ना, हा आक्षेप उरतो. त्याचे उत्तर हर्षद संख्यांनीच दिले आहे. एकामागोमाग एक किती संख्या हर्षद असू शकतात? कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले की दशमानात एकवीस कधीच नाहीत. वीस मात्र आहेत, आणि अनंत वेळा आहेत. फक्त ती पहिली वीस गाठायला जी संख्या ओलांडावी लागते तिचे अंकच ४,४३६ कोटींहून जास्त. संख्या नव्हे, तिचे अंक. पुढच्याच वर्षी ग्रंडमन यांनी दहाचा हट्ट सोडून कोणताही पाया घेतला: पाया जेवढा, त्याच्या दुपटीहून जास्त सलग हर्षद संख्या कधीच असू शकत नाहीत. वीस हा आकडा आपल्या बोटांचा खरा, पण 'पायाची दुप्पट' हा नियम कुणाच्या बोटांचा नाही. २७,७२,३४८ दशमानात हर्षद नाही आणि द्विमानात आहे, ही तक्रार म्हणून सांगितली जाते. मी ती प्रश्न म्हणून घेतो. कोणती संख्या कोणत्या पायात हर्षद, असे विचारले की पाया हा दोष राहत नाही, प्रश्नातला एक चल होतो.

कापरेकरांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. जुनी तिची जनक. आपल्या २७,७२,३४८ चा जनक आहे: २७,७२,३१८, अंकांची बेरीज ३०. दुसरा नाही. ज्यांना जनकच नाही त्या स्वयंभू, २०, ३१, ४२ अशा. कापरेकरांनी त्यांना आपल्या गावाचे नावही दिले, देवळाली संख्या. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या कोणती? कापरेकरांनी ती १९६१ मध्ये शोधली: १,००,००,००,००,००,००१, दहा लाख कोटी एक. जनक तीन: १,००,००,००,००,००,०००, ९९,९९,९९,९९,९९,९०१, आणि ९९,९९,९९,९९,९९,८९२. शेवटचा तपासा, अंकांची बेरीज १०९ येते आणि हिशोब जुळतो. देवळालीतला मास्तर एकेक संख्या चाळत त्या आकड्यापर्यंत गेला असेल असे कुणाला वाटत असेल, तर दर सेकंदाला एक तपासूनही तीन लाखांहून जास्त वर्षे लागतात. तिथे पोचायला रचना दिसावी लागते. रचना दिसणे यालाच गणित म्हणतात ना? १९८२ मध्ये इटलीचे उंबेर्तो झानियर यांनी सिद्ध केले की स्वयंभू संख्या पुढे विरळ होत जाऊन संपत नाहीत, सगळ्या संख्यांमध्ये त्यांचे प्रमाण ठरावीक राहते. ते शंभरात दहाच्या जरा आत आहे.

"पण हे सगळे आडबाजूचे," असे म्हणणारे अजून असतील, तर मुख्य रस्त्यावर येऊ. मूळ संख्या हा तर हार्डीसाहेबांच्या देवघरातला विषय. मूळ संख्यांच्या अंकांची बेरीज सम आणि विषम सारख्याच प्रमाणात येते का, हा प्रश्न रशियन गणिती गेल्फाँड यांनी १९६८ मध्ये विचारला. मोदुई आणि रिव्हा या फ्रेंच जोडीने त्याचा निकाल लावला आणि तो २०१० मध्ये 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये छापून आला. याहून मानाची जागा गणितात फारशी नाही. इंग्लंडच्या जेम्स मेनार्ड यांनी तर सिद्ध केले, की कोणताही एक अंक, समजा ७, ज्यांत कुठेच येत नाही अशा मूळ संख्या अनंत आहेत. २०२२ मध्ये मेनार्ड यांना फील्ड्स पदक मिळाले. हार्डीच्याच देशातला माणूस, हार्डीच्याच विषयात, आणि विचारतो काय, तर या संख्येत ७ हा अंक आहे का!

इथवर शत्रूशी झाले. आता मित्रांशी दोन शब्द, कारण कापरेकरांचे नुकसान नाक मुरडणाऱ्यांपेक्षा हात जोडणाऱ्यांनी जास्त केले आहे. ६१७४ ही 'जादुई संख्या', तिच्यात 'विश्वाचे रहस्य', असले संदेश सकाळी उठल्यापासून मोबाइलवर आदळतात. पाठवणाऱ्याने १९४९ च्या मद्रासच्या परिषदेत कापरेकरांनी काय मांडले होते ते समजून घेतलेले नसते. चार अंक, सगळे सारखे नकोत, मोठ्यात मोठ्या मांडणीतून लहानात लहान वजा करत जा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४. तीन अंकांना ४९५. दोन अंकांना आणि पाच अंकांना मात्र असे एकच मुक्कामाचे ठिकाण नाही, तिथे संख्या गोल फिरत राहतात. विश्वाचे रहस्य पाच अंकांना कसे काय चुकले, हे संदेशवाल्यांनी सांगावे.

यांचेच मोठे भाऊ गाडीच्या एम.एच. २९ च्या पाटीवर आवडता क्रमांक यावा म्हणून जादा पैसे मोजतात. बेरीज ९ यावी, १ यावी, ८ नको. अंकांची बेरीज करत एका अंकावर येणे म्हणजे नवाने भागून बाकी पाहणे, दुसरे काही नाही. ०००१ ते ९९९९ या क्रमांकांत ९ बेरजेचे १,१११ आहेत आणि ८ बेरजेचेही १,१११. मालिकेतली प्रत्येक नववी गाडी भाग्यवान असते, आणि तिच्या मागची त्याच हिशोबाने अभागी. कापसाच्या अडतीवर बसणारा जुना दिवाणजी हीच बेरीज गुणाकाराचा ताळा पाहायला वापरत असे. १२ गुणिले २,३१,०२९, बाकी ३ आणि ८, गुणाकार २४, म्हणजे ६. उत्तर २७,७२,३४८ ची बेरीज ३३, म्हणजे ६. ताळा जुळला. तोच अंक, तीच बेरीज. एकाने चूक पकडली, दुसऱ्याने मुहूर्त काढला. पीकविम्याच्या रांगेत आधार क्रमांकाचा एखादा अंक चुकला तर यंत्र लगेच नाही म्हणते, तेही शेवटच्या अंकात दडवलेल्या अशाच एका ताळ्यामुळे. उपयोगाचा हा मुद्दा हार्डीसाहेबांविरुद्ध मी वापरत नाही. आपले गणित निरुपयोगी आहे याचा त्यांना अभिमानच होता.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो: अशा गमतींनी मुलांना गणिताची चुकीची कल्पना येते. येते, जर शिक्षक टाळ्यांपाशी थांबला तर. ४५ आणि २०२५ फळ्यावर लिहून तास संपवला तर हार्डीसाहेब जिंकले. त्यापुढे ४४ गुणिले ४५ लिहून ९९ दिसेपर्यंत मुलांना बसवले, तर झरी-जामणीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सातवीच्या पोरीला त्या तासात सिद्धता म्हणजे काय ते कळते. साधन लागते एक खडू. कोणत्या 'खऱ्या' गणिताचा दरवाजा इतका ठेंगणा आहे, ते दाखवून द्यावे.

आणि एवढे करूनही कुणाला हे सारे फावल्या वेळेचे वाटत असेल, तर त्यांच्या फावल्या वेळेसाठी एक काम आहे. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिचीच उलटी मिळवा, आणि दोन्हीकडून सारखी वाचता येणारी संख्या येईपर्यंत हेच करत राहा. ८९ ला चोवीस पायऱ्या लागतात आणि शेवटी ८८१३२०००२३१८८ येते. १९६ पासून सुरुवात केली तर संगणकांनी कोट्यवधी अंकांपर्यंत पाठलाग करूनही तशी संख्या आलेली नाही, आणि ती कधीच येणार नाही असे सिद्धही झालेले नाही. द्विमानात २२ या संख्येसाठी ते सिद्ध झाले आहे, दशमानात एकाही संख्येसाठी नाही. साहेबांच्या शिष्यांनी १९६ चा निकाल लावून द्यावा.